कोलंबसवर काहून मळमळते?

(पडद्यावर: संध्याकाळचं रेशीमबाग मैदान, मेळ्याचे लाइट, कोलंबस हळूहळू झोका घेऊन राहिला)

नागपूरच्या रेशीमबागला मेळा लागला की संध्याकाळी सातनंतर गाडी लावायला जागा भेटत नाही. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, अन् मधोमध हा कोलंबस, म्हणजे ती मोठी नाव जी इकडून तिकडे झुलते. पोट्टे ओरडून राहिले, जनरेटर धडधडून राहिला, अन् ह्या सगळ्या गोंधळात एक माणूस तुम्हाला हमखास दिसेल जो खाली उभा राहून घरादाराच्या पर्सा, मोबाइल अन् चपला सांभाळत असतो. त्याला विचारा, तुम्ही काहून नाही बसले? "मला लागते ना भाऊ."

गाडी लागते तसा काही लोकांना झुला लागतो. घरचे त्याला भित्रा म्हणून मोकळे होतात. पण हाच माणूस दिवसभर मोबाइल टॉवरवर चढून काम करणारा असू शकतो, त्याला उंचीचं काहीच वाटत नसेल. भीती वेगळी अन् मळमळ वेगळी, भीतीत छाती धडधडते अन् मळमळीत तोंडाला पाणी सुटते. अन् गंमत अशी की ज्या राईडकडे बघून पाय लटपटतात ती बरेचदा पोटाला काहीच करत नाही, पोट ढवळते ती साधीसुधी दिसणारी, जिच्यात आजी पण नातवाला घेऊन बसलेली असते.

(पडद्यावर: कानाच्या आतल्या भागाचं मोठं चित्र)

हा सगळा खेळ कानाचा आहे. ऐकायच्या भागाच्या बाजूलाच, पार आत, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, तिन्ही वेगवेगळ्या दिशेला तोंड करून, आत पाण्यासारखा द्रव भरलेला. डोकं फिरलं की नळी फिरते पण आतला द्रव जरासा मागे राहते, त्याने आतले एकदम बारीक केस वाकतात अन् मेंदूला खबर जाते की आपण फिरून राहिलो. पाण्याची बादली हातात धरून गर्रकन फिरवून बघा, बादली फिरते पण पाणी आधी तिथल्या तिथेच राहते, मग हळूहळू तेही फिरायला लागते, अन् बादली थांबवली तरी पाणी काही लगेच थांबत नाही. कानात नेमकं हेच होते. एकाच वेगाने अर्धा मिनिट गोल फिरत राहिलं की फिरणं जाणवेनासं होते, अन् राईड थांबली की आपण उलट्या दिशेने फिरून राहिलो असं वाटते. म्हणून टी कपमधून, म्हणजे त्या गोल गोल फिरणाऱ्या कपांच्या राईडमधून, उतरलेला माणूस सरळ गेटकडे निघतो अन् पोहोचतो आइस्क्रीमच्या गाड्यावर.

नळ्यांच्या जवळच दोन छोट्या पिशव्या पण आहेत, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, म्हणजे चुनखडीत असते तेच. वर गेलो, खाली आलो, पुढे झुकलो, हे ह्या खड्यांमुळे कळते. हा सगळा कारभार समजून घेण्यात व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी ह्या डॉक्टरचा मोठा हात, पेशंटला नुसतं बसवून कानात थंड पाणी सोडलं तरी त्याची खोली गरगर फिरायला लागते अन् डोळे एका बाजूला पळतात, गरम पाणी सोडलं की डोळे उलट्या बाजूला पळतात, हे त्यानं नीट उलगडून दाखवलं अन् त्याबद्दल त्याला 1914 चं नोबेल मिळालं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा साहेब रशियात युद्धकैदी होते, ते एक वेगळंच.

मग मळमळ कुठून येते? तं कान एक सांगतो अन् डोळे दुसरंच. नावेत बसून तुम्ही समोरच्या बहिणीचं तोंड बघून राहिले, ती पण तुमच्यासोबतच झुलून राहिली, म्हणून डोळे म्हणतात सगळं जागेवर आहे, अन् कान बोंबलून सांगतो की आपण वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. दोघांचा हिशोब जुळत नाही. बसमध्ये मोबाइल पाहत बसलं की होते ते पण हेच. ज्यांच्या कानातलं हे यंत्र दोन्ही बाजूंनी पार बंद पडलं आहे त्या लोकांना गाडी, जहाज, झुला काहीच लागत नाही, म्हणजे कानाशिवाय हा प्रकार होतच नाही. पण हिशोब जुळला नाही तं उलटी काहून व्हावी, हे कोडंच आहे. 1977 मध्ये ट्रीसमन नावाच्या संशोधकाने एक तर्क मांडला, की डोळे अन् कान एकमेकांशी जुळेनासे झाले की शरीराला वाटते आपल्या पोटात काहीतरी विषारी गेलं, मग ते बाहेर काढा. तर्कच आहे, पण मला पटतो.

(पडद्यावर: कोलंबस बाजूने, कोपऱ्यात स्टॉपवॉच)

आता जरा ह्या नावेकडे नीट बघा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला, मोठी नाव असली तं साधारण पाच ते सात सेकंद. जहाजांवर अन् प्रयोगशाळेत वरखाली हलणाऱ्या खोल्यांमध्ये माणसं बसवून खूप प्रयोग झाले, त्यात असं दिसलं की जे हलणं साधारण पाच सेकंदात एक फेरी पूर्ण करते त्यानं माणसाला सगळ्यात लवकर उलटी होते. त्याहून बरंच जलद हलवलं तं त्रास कमी, बरंच सावकाश हलवलं तरी कमी. म्हणजे कोलंबस बनवणाऱ्यानं काही मुद्दाम केलं नसेल, एवढ्या लांबीचा झोका तेवढाच वेळ घेते, पण तो जाऊन पडला आहे बरोबर त्या वाईट आकड्याच्या आसपास.

आता ह्याच्यासमोर मोठं रोलर कोस्टर ठेवा. खोपोलीजवळ इमॅजिका नावाच्या पार्कात नायट्रो आहे, साधारण 40 मीटर उंच, वेग ताशी शंभरच्या वर, पाच वेळा माणूस उलटा होतो. नागपूरचे पोट्टे तिथे जाऊन आले की महिनाभर तेच सांगतात. पण त्यात झटके छोटे छोटे, एकामागे एक, अन् मिनिट दोन मिनिटात सगळं आटोपते. मळमळ साठत साठत वाढते, तिला वेळ लागते, अन् कोस्टर तेवढा वेळच देत नाही. म्हणून ज्याला कोलंबस सोसत नाही त्याला कोस्टर पण सोसणार नाही असं धरून बसू नका. लागोपाठ चार वेळा बसाल तं गोष्ट वेगळी.

सगळ्यात बेकार माझ्या मते टी कप अन् ब्रेक डान्स. त्यात अख्खा प्लॅटफॉर्म फिरते, वरून आपली बैठक पण फिरते, अन् आपण शेजारच्याशी बोलायला मान वळवतो, पडलेली ओढणी उचलायला वाकतो. फिरता फिरता डोकं असं तिरपं केलं की तिन्ही नळ्यांमधून वेगवेगळ्या खबरा एकदम सुटतात अन् मेंदूला वाटते आपण गोत्यात आलो, गडगडून राहिलो. मॉलमधल्या फाइव्ह डी थिएटरात उलटा मामला, खुर्ची जेमतेम हलते अन् पडदा मात्र दरीत उडी मारून राहिला, तिथे पण लागते.

(पडद्यावर: कोलंबसवरून उतरलेली एक मुलगी, क्लोजअप)

ह्या पोरीकडे बघा. नऊ-दहा वर्षांची असेल, अन् ह्याच वयाच्या आसपास हा त्रास सगळ्यात जास्त असते, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला सहसा होतच नाही, मोठं होता होता बहुतेकांचा कमी होते. तिला अजून उलटी झालेली नाही, पण जांभया येऊन राहिल्या पाहा, एकामागे एक. ओठाचा रंग उडालेला. घाम आहे, पण कपाळाला हात लावला तं थंडगार. अन् ती सारखी थुंकी गिळून राहिली. आई म्हणते झोप आली असेल, चल अजून एक ब्रेक डान्स करू. अहो ताई, नका. जांभई अन् तोंडात पाणी म्हणजे पहिली घंटा, तिथेच थांबलं तं दहा-पंधरा मिनिटं बाकावर बसून बरं वाटू शकते, पुढची राईड केली तं मग पिशवीच शोधावी लागते.

बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, मायग्रेनवाल्यांना जास्त होते, दिवस गेलेले असताना अजून जास्त. म्हणून घरात एकालाच काहून होते असं म्हणून त्याला हसू नका.

खाण्याचं म्हणाल तं मेळ्याच्या गेटवर तर्री पोहे चोपून लगेच कोलंबसवर चढणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या हिमतीला दाद द्यावी. तेलकट, तिखट, पोट टच्च भरून नको. एकदम उपाशी पण नको. पोळी, बिस्किटं, थोडं काहीतरी तासभर आधी खाल्लेलं बरं. अन् आपला नागपूरचा उन्हाळा, दुपारच्या 45 डिग्रीत वॉटर पार्कला गेले, पाणी प्यायले नाही, तं राईडशिवायच मळमळते, तो दोष झुल्याच्या माथी मारू नका.

नावेत बसायचंच असलं तं मधल्या रांगेत बसा, टोकाचा भाग सगळ्यात उंच जातो अन् पोटात गोळा पण तिथेच येतो. डोकं मागे टेकवा, जेवढं कमी हलेल तेवढं बरं. नजर लांब ठेवा, मैदानापलीकडच्या बिल्डिंगवर, पाण्याच्या टाकीवर, नाही जमलं तं सरळ डोळे मिटा, डोळे मिटले की निदान कानाशी भांडायला कोणी उरत नाही. रील बनवायची हौस असेल तं ती खाली उभ्या काकांना द्या, झुलताना स्क्रीनमध्ये बघणं म्हणजे मळमळीला आवतण. श्वास सावकाश अन् एका लयीत घ्यायचा, ह्याने फरक पडते हे अभ्यासात पण दिसलं आहे अन् फुकटात आहे.

(पडद्यावर: मेडिकल दुकानाचं काउंटर)

गोळीची गोष्ट मजेशीर आहे. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये एक बाई यायची, तिच्या अंगावर पित्त उठायचं, त्यासाठी डॉक्टर एक नवीन गोळी देऊन पाहत होते. बाई म्हणाली, पित्ताचं सोडा, मला ट्राममध्ये नेहमी उलटी व्हायची ती बंद झाली. मग डॉक्टरांनी तीच गोळी अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकी जहाजावर नेऊन तपासली अन् तिथेही ती चालली. डायमेनहायड्रिनेट तिचं नाव. आपल्याकडे घराघरात जी एव्होमिन असते ती पण त्याच खानदानातली, ॲलर्जीच्या औषधांची, आत प्रोमेथाझिन. पण ती राईडच्या तास-दीड तास आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर गिळून काय फायदा, ती पोटात राहीलच कशी. झोप येते, म्हणून घ्याल त्या दिवशी परत येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या, अन् सोबत दारू बिलकुल नाही. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला तं देऊच नका, अन् काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारा. अजून एक, ताप-जुलाबात उलटीसाठी लिहून देतात ती ऑन्डान्सेट्रॉन बरेच लोक घाटात जाताना घेतात, ती गाडी लागण्यावर काही खास कामाची नाही, ती वेगळ्या रस्त्यानं येणारी उलटी थांबवते.

अन् संत्र्याची साल? नागपूरकर असून ती नाकाशी धरली नाही असा माणूस दाखवा. तिच्यानं कानातली गडबड थांबत नाही, पण जनरेटरच्या डिझेलचा वास तं झाकला जाते, अन् घाण वासानं मळमळ वाढतेच, म्हणून खिशात ठेवायला हरकत नाही. आल्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, कुठे उपयोग दिसतो कुठे नाही, आलेपाक आवडत असेल तं चघळा.

खरा पक्का उपाय मात्र सवय, अन् तो कोणाला आवडत नाही कारण त्याला वेळ लागते. विमानदलातले पायलट सुद्धा असेच तयार होतात, थोडं थोडं फिरवून, मळमळ चढायच्या आत थांबवून, दुसऱ्या दिवशी परत. नागद्वारच्या यात्रेला मध्य प्रदेशात पचमढीला जाणाऱ्या गाड्या बघा, तामिया अन् मटकुलीच्या वळणांवर नवे लोक खिडकीतून डोकं बाहेर काढून बसतात अन् त्या रस्त्यावर रोज गाडी चालवणारा ड्रायव्हर निवांत शेंगदाणे खात असतो. त्याला पुढचं वळण आधीच माहीत असते, स्टिअरिंग त्याच्याच हातात, अन् वरून सवय. झुल्याला स्टिअरिंग नसते पण बाकीचं जमते. आज आकाशपाळणा, बरं वाटलं तं छोटी ड्रॅगन ट्रेन, कोलंबस पुढच्या खेपेला. पोट्ट्यांना तं ह्याच क्रमानं न्या, एकदम मोठ्या नावेत कोंबून मग "तू कमजोर आहे" म्हणण्यात काय अर्थ आहे. अन् मेळा वर्षातून एकदा भेटत असला तं सवय मोडते, मधल्या काळात बागेतल्या झोक्यावर बसा, लाज कसली.

तरी उलटी झालीच तं होऊ द्या, दाबू नका. मग सावलीत बसायचं, डोकं स्थिर, पाणी घोट घोट, एकदम ग्लासभर नाही. खूप वेळा झाली असेल तं ओआरएस. तासा-दोन तासात माणूस ठिकाणावर येतो. पण दुसऱ्या दिवशीही कूस बदलली की खोली गरगर फिरत असेल तं तो झुल्याचा त्रास नाही, कानातले ते चुन्याचे खडे जागचे सुटून नळीत शिरले असू शकतात, अन् त्याला गोळ्यांपेक्षा डॉक्टर पलंगावर झोपवून डोकं ठराविक दिशांना वळवतात त्याने बऱ्याच जणांना एक-दोन खेपेत बरं वाटते. एका कानाने ऐकू कमी यायला लागलं किंवा सतत शिट्टी वाजत असेल तं वाट पाहू नका. कान-नाक-घशाचा डॉक्टर लागेल, अन् आपल्या धंतोलीत तं गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तिथे डॉक्टर लगेच भेटेल, गाडी लावायला जागा मात्र तिथेही भेटणार नाही.