तारा निघाल्यानंतरचे दात

श्रोतेहो, नमस्कार. दात सरळ करणाऱ्या तारा लावण्यासाठी चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागचे छोटे दात, काढायच्या म्हटलं, की पालक विचारतात, "मग दात पुन्हा वाकडे होणार नाहीत ना?" होऊ शकतात, आणि सगळ्यांत जास्त खालचे पटाशीचे दात.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढलेले ६५ रुग्ण रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) थांबल्यानंतर किमान दहा वर्षांनी तपासले. त्यांची मोजपट्टी साधी होती: खालच्या पुढच्या सहा दातांचे एकमेकांना टेकणारे बिंदू किती सरकलेत ते मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि बेरीज करायची. साडेतीन मिलिमीटरपर्यंत चालतं. १९८१ साली निष्कर्ष आला, की सुमारे दोन तृतीयांश जणांचे दात त्यापलीकडे गेले होते. १९८८ मध्ये वीस वर्षांनंतरचे रुग्ण पाहिले, तेव्हा समाधानकारक जेमतेम दहा टक्के उरले. कोणाचे बिघडतील हे आधी सांगता आलं नाही.

मग उपदाढा काढायच्याच कशाला? खालची एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते. दोन काढल्या की चौदा मिलिमीटर जागा मिळते. खूप दाटी असेल किंवा ओठ पुढे आले असतील, तर ती लागतेच. पण जागा मिळणं वेगळं आणि दात तिथे टिकणं वेगळं. खालच्या जबड्यातल्या दातांची कमान वयाबरोबर आखडत जाते, कधीच तारा न लावलेल्यांचीसुद्धा. अक्कलदाढेवर उगाच आळ येतो.

दुसरं कारण हिरडीत आहे. दात आणि हाड यांच्यामधले तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळतात. हिरडीतल्या लवचिक तंतूंना वर्षभरही लागतं. फिरलेला दात म्हणूनच आधी मागे वळतो.

उपदाढेची फट पुन्हा उघडू नये म्हणून शेजारच्या दातांची मुळं समांतर हवीत. तारा काढण्याआधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे पाहून हे तपासावं. काढता-घालता येणाऱ्या रिटेनर-प्लेटची तार त्या जागेवरून आडवी जात असेल तर फट तीच पाडते. अशा वेळी मागून वळसा घालणारी तार सांगा.

खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार चांगली, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको. एका दातावरचा डिंक सुटला तरी तार जागेवर दिसते आणि तो दात गुपचूप सरकतो. ऊस किंवा चिक्की दातांनी तोडताना तार वाकली, तर डिंक शाबूत असूनही ती दाताला ढकलते. तिच्याखाली कीटण साचतं. दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज फिरवा.

पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात धुऊ नका, वाकतो. रात्री घालताना घट्ट वाटला तर दात हलू लागलेत, तास वाढवा. बसतच नसेल तर जोर न लावता आठवडाभरात डॉक्टरांना दाखवा. तारा काढल्याच्या दिवशीचे साचे किंवा स्कॅन मागून घ्या; रिटेनर हरवला तर त्यावरून लगेच नवा करता येतो.