एकेक पाट बंद करून

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आजोबा पाटाचं पाणी फिरवायचे. एखादी पोफळ पिवळी पडू लागली आणि कारण सापडेना, की एकेका ओळीचं पाणी तोडून आठवडाभर वाट बघायची, ही त्यांची रीत. कधी उलटंच व्हायचं. पाणी तोडल्यावर पोफळ तरारायची, कारण मुळं ओलीनं कुजत होती!

म्हातारपणाचा शोध आज थेट असाच चाललाय. पाटांच्या जागी आपली जनुकं, सुमारे 20,000. पाणी तोडायला हत्यार क्रिस्परचं, म्हणजे जनुकं नेमकी कापायच्या तंत्राचं, ज्यासाठी एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चं नोबेल मिळालं.

म्हाताऱ्या झालेल्या पेशी जिवंत असतात, पण विभागायच्या थांबतात. प्रयोगशाळेत अशा कोट्यवधी पेशी घेतात आणि साधारण एकेका पेशीत एकेकच जनुक कापतात. कापायची जागा दाखवणारा छोटासा संदेश पेशीतच राहतो, तीच तिची पावती. काही आठवड्यांनी ज्या पेशी पुन्हा जोमानं वाढल्या, त्यांच्या पावत्या वाचायच्या. कुठलं जनुक संशयित, हे आधी ठरवावंच लागत नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी अकाली वार्धक्याच्या आजारातल्या मानवी पेशी अशा चाळल्या आणि त्यांना कॅट-7 हे जनुक सापडलं. ते निकामी केल्यावर पेशी टवटवीत झाल्या, उंदीरही जास्त जगले. हे 2021 चं. पुढे 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या ॲन ब्रुनेट यांच्या गटानं म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या मूळपेशी तपासल्या. तिथे पेशीत साखर आत घेणारं ग्लूट-4 बंद केलं, आणि निपचित पडलेल्या मूळपेशी जाग्या होऊन नव्या चेतापेशी घडवू लागल्या. त्या पेशींत साखर जास्तच जात होती. मला लगेच ती पोफळ आठवली.

पण श्रोतेहो, उंदीर म्हणजे आपली आजी नव्हे. शिवाय पेशीचं थांबणं हे कॅन्सरविरुद्धचं राखणही असतं. तो बांध सरसकट फोडून चालणार नाही. आणि कापलेलं जनुक पुन्हा सांधणं सोपं नाही. म्हणून अशा सापडलेल्या जनुकांच्या यादीतून औषधं शोधायची आहेत, हवी तेव्हा सुरू आणि हवी तेव्हा बंद करता येतील अशी. आजोबांना तेवढ्यासाठी केळीचं एक सोपट आणि मूठभर चिखल पुरायचा.