आम भन्ते, आवाज येतोय

(विहार, संध्याकाळ. सतरंजी अंथरली जातेय.)

आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. या तीन महिन्यांत विहारात रोज वंदना होते आणि मग बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. मूर्तीपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. फुलांच्या ताटाशेजारी दोन फोन.

एका फोनवर झूम. वंदना तिथं, कारण लांबच्यांनाही सोबत म्हणायचं असतं. फुकटची मीटिंग 40 मिनिटांत तुटते. तेवढ्यात वंदना बसते. दुसऱ्या फोनवर वाचनाचं यूट्यूब लाइव्ह. त्यासाठी चॅनलला किमान 50 सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा लाइव्हची सोय चालू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ जातो. पौर्णिमेच्या दुपारी चॅनल काढून संध्याकाळी हात चोळत बसलेले पुष्कळ.

(फोनवर विमान मोड.)

लाइव्हचा फोन विमान मोडवर, नेट तिसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. नाहीतर ऐन वाचनात मामाचा कॉल येतो. दर्जा 720 ठेवायचा, आणि पॅकात तासाला दीड-दोन जीबी शिल्लक आहे ना, ते आधी बघायचं. सुरुवातीला भीमगीताची रेकॉर्ड लावायचा मोह टाळावा. गाण्याचे हक्क कंपनीकडे असतात आणि अख्ख्या व्हिडिओवर दावा येतो.

(पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका.)

पांढरी वस्त्रं कॅमेऱ्याला फसवतात. समोर एवढं पांढरं दिसलं की फोन आपणहून उजेड उतरवतो आणि चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवायचं, उजेड तिथंच कुलूपबंद करायचा. तरी चित्र धूसर आलं तर येऊ द्या. वंदना कानानं शिकायची गोष्ट आहे. माइक तोंडापासून एक वीत, डोक्यावरचा पंखा बंद. फरशी आणि स्लॅबमध्ये आवाज घुमतो, म्हणून सतरंजी भिंतीपर्यंत अंथरलीय.

(भंतेजी. समोर हात जोडलेले उपासक.)

‘यमहं वदामि तं वदेथ.’ मी म्हणतो तसं म्हणा. ‘आम भन्ते.’ होय, भन्ते.

विहारात हे ‘आम भन्ते’ एका सुरात येतं. झूमवर सगळ्यांचे माइक उघडे ठेवले तर त्याचा कालवा होतो. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिरानं पोचतो, कुणाचा पाव सेकंदानं, कुणाचा अर्ध्या. त्यातून सॉफ्टवेअर एकाच ठळक आवाजाला पुढं करतं, बाकीच्यांना दाबतं. लांबवलेल्या सुराला तर ते गोंगाटच समजतं. म्हणून सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं लागतं.

मग घरचे सगळे म्यूट. पण म्यूट केलं की भंतेजींना उत्तर ऐकू येत नाही, आणि शांततेत माणूस घाई करतो. ‘पाणातिपाता वेरमणी’ संपायच्या आत ‘अदिन्नादाना’ सुरू. त्यावर इलाज साधा: माइकजवळ एक उपासिका बसते आणि प्रत्येक सील, म्हणजे पंचशीलातला एकेक नियम, मोठ्यानं परत म्हणते. घरचे तिच्या मागून म्हणतात. तिचा श्वास संपला की पुढचं सील.

(पडद्यावर पाठ.)

पाठाची अक्षरं मात्र तपासून लावा. फॉरवर्डमध्ये सर्रास ‘शरणं’ येतं, कीबोर्डही तेच सुचवतो. पालीत ‘श’ नाही, ‘सरणं’ म्हणायचं. जुन्या वंदना-पुस्तिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, कॉपी केल्या की कचरा उतरतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं छट्ठ संगायनाचं, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीचं, पाली त्रिपिटक देवनागरीत नेटवर मोफत ठेवलंय. सुत्तांचे पाठ त्याच्याशी ताडून घ्यावेत. (त्याच इगतपुरीत दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज ऑनलाइन भरतात, आणि शिबिराला बसताना फोन जमा करतात!)

(ग्रंथाचं पान. बोट ओळीवर.)

वाचनाला बाबासाहेबांनीच सोय करून ठेवलीय. ग्रंथात खंड, भाग आणि विधानांना क्रमांक आहेत. वाचणारी क्रमांक सांगते, आणि पुण्याच्या होस्टेलवरची मुलगी वेगळ्या आवृत्तीतही त्याच ओळीवर येते.

घरबसल्या सोय झाल्यानं रविवारी सतरंजीवर माणसं आता कमी दिसतात, तेही खरं.

(वंदनेचा शेवट. सगळे उभे.)

वंदना संपली की एकदाच सगळ्यांचे माइक उघडतात. ‘साधू, साधू, साधू.’ कुणाचं पहिलं, कुणाचं तिसरं, मागं कुकरची शिट्टी. यावर इलाज कुणी शोधलेला नाही.