सूर मशीनचा, लय आपली : विई म्युझिकची बाजू

मंडळी, २००८ च्या जुलैत लॉस एंजेलिसला ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या स्टेजवर शिगेरू मियामोटो, म्हणजे मारिओ आणि झेल्डा हे गेम ज्यांनी केले तेच, विई म्युझिक हा हवेत हात हलवून वाद्यं वाजवायचा नवा गेम दाखवायला, त्यांच्या विई या गेम मशीनचा रिमोट सॅक्सोफोनसारखा तोंडाशी धरून आले आणि बऱ्याच लोकांनी तिथेच ठरवून टाकलं की हा पोरखेळ आहे. ऑक्टोबरमध्ये गेम आला, रिव्ह्यूवाल्यांचा सरासरी आकडा शंभरात साठ-पासष्टच्या आसपास, संपला विषय. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

तक्रार काय होती, तर हात हलवला की सूर आपोआप बरोबर लागतो, मग खेळणाऱ्याने करायचं काय? त्याच महिन्यात गिटार हीरोचा नवा भाग आला होता, त्यात स्क्रीनवरून रंगीत खुणा येतात, वेळेवर बटण दाबलं तर पॉइंट, फार चुकलं तर नापास. चांगला गेम आहे तो, पण दुसऱ्याने वाजवलेलं जसंच्या तसं गिरवायचं. विई म्युझिकमध्ये चालीतल्या जागेवर हात मारलात तर चालीतला सूर येतो, दोन सुरांच्या मधे मारलात तर तिथल्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यात, बसणारा दुसरा सूर निघतो आणि नाहीच मारलंत तर ती जागा रिकामी राहते. सुराची काळजी मशीनने घेतली म्हणून लय सगळी तुमच्या हातात आली, आणि आपल्याकडे ज्याला उपज म्हणतात, म्हणजे वाजवता वाजवता सुचलेलं, ती सुरू व्हायला एवढं पुरतं हो.

माझी भाची आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट सांगतो. ट्विंकल ट्विंकल लावलं, तिने पियानो घेतला आणि पहिल्यांदा नुसती धडाधड हात आपटत सुटली, सगळा गोंगाट. दुसऱ्यांदा कंटाळून एका ओळीत हात थांबवला आणि मात्रा उलटून गेल्यावर अर्ध्यावर मारला. सूर उशिरा आला, पण काय गोड आला! ती माझ्याकडे बघायला लागली, मग पुढच्या प्रत्येक ओळीत तेच, मुद्दाम. मात्रेच्या मधे वाजवण्याला ऑफबीट म्हणतात, हा शब्द तिला माहीत नव्हता, कोणी शिकवलंही नव्हतं. चुकल्यावर लाल दिवा लागणाऱ्या गेममध्ये ती दुसऱ्यांदा असं थांबलीच नसती.

आणि जॅम, म्हणजे मिळून वाजवणं, संपला की गेम मार्क देत नाही, तुम्हीच स्वतःला शंभरपैकी द्यायचे. लोकांना हे बालिश वाटलं. मला तर अख्ख्या गेममधली ही सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते, कारण मार्क द्यायचे तर आधी आपलं आपण नीट ऐकावं लागतं.

दोष आहेत की, सुरुवातीचं शिकवणं लांबतं, कॉपीराइट नसलेली जुनी बालगीतं फार, आणि बॅलन्स बोर्डवर, म्हणजे विईच्या पायाखाली ठेवायच्या फळीवर, पाय ठेवून ड्रम वाजवणं भलतंच अवघड. पण साठच्या वर वाद्यं आहेत, सतारसुद्धा, आणि एका गाण्याचे सहा भाग एकट्याने एकावर एक चढवता येतात, तोच मुखडा टँगोत नाहीतर रेगेत नेता येतो.

बरं, रिमोट इथे टेबलावर ठेवलेत. बास, म्हणजे खालच्या सुरांचं वाद्य, कोण घेतंय? पहिल्या मात्रेवर एकदाच मारायचं, बाकी गप्प बसायचं, बघू काय होतंय ते.