वरच्या प्लॉटचे पाणी

एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, की तिच्यावर दहा लाख लिटर पाणी येते. जमीन मोकळी आणि गवताची असेल, तर त्यातले बरेचसे मुरते आणि उरलेले सावकाश नाल्याकडे सरकते. तिथे छप्पर, डांबर आणि काँक्रीट आले, की जवळजवळ सगळेच वाहू लागते, तेही फार थोड्या वेळात, आणि त्याचा फटका उताराखालच्या वस्तीला बसतो.

म्हणून अनेक स्थानिक संस्था बांधकामाला परवानगी देतानाच अट घालतात, की प्लॉटबाहेर पडणारा कमाल प्रवाह बांधकामापूर्वीच्या प्रवाहापेक्षा अधिक असता कामा नये. अशा प्लॉटवर पाणी थोपवण्यासाठी केलेला उथळ, गवताळ खड्डा त्याच अटीतून आलेला असतो. मुसळधार पावसात तो भरतो आणि तळाच्या अरुंद नळातून पाणी हळूहळू सोडतो. एरवी तो रिकामा असतो, आणि तो रिकामा राहणे हीच खरी तरतूद असते. म्हणून त्यावर वाहनतळाला परवानगी देणे म्हणजे खालच्या घरांचे संरक्षण काढून घेणे होय.

मात्र प्लॉटपुरता विचार पुरत नाही. खालच्या भागातल्या खड्ड्यांनी थोपवलेले पाणी नेमके वरचा लोंढा येऊन पोहोचण्याच्या वेळी सुटले, तर प्रत्येकाने नियम पाळूनही नाल्याची पातळी वाढू शकते. हिशेब संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवा, जरी त्यात दोन-तीन संस्थांच्या हद्दी येत असल्या तरी.

पूररेषेबद्दलही, म्हणजे ठरावीक मोठ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते त्या रेषेबद्दलही, गैरसमज आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ शतकातून एकदाच येतो असे नाही. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते, आणि 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे 26 टक्क्यांवर जाते. त्या रेषेच्या आत भराव टाकून जमीन उंच केली, तर तिथे पसरणारे पाणी शेजाऱ्याकडे वळते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती देखभाल. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर खड्ड्यात गाळ साचतो, नळाच्या तोंडाशी कचरा अडकतो, आणि जागेची मालकी बदलली की जबाबदार कोण, हेच ठरत नाही. ही जबाबदारी परवानगीच्या अटींत लिहून जमिनीच्या नोंदीशी जोडणे, पावसाळ्यापूर्वी तपासणीसाठी आत जाण्याचा अधिकार संस्थेने राखणे आणि मालकाने काम न केल्यास ते करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करणे, एवढी तरतूद नियमावलीत असलीच पाहिजे.