मग 'गोड' कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेजांतून सध्या निबंध जमा करायचे दिवस आहेत. कवितेवर नाहीतर कथेवर समीक्षेचा निबंध लिहायचा, सरांनी वर 'पुन्हा लिहा' एवढाच शेरा मारून तो परत द्यायचा. मग मुलं काय करतात? ऱ्हस्व-दीर्घ बघतात, अक्षर जरा नीट काढतात, एखादं अवतरण वाढवतात आणि तोच निबंध नव्या फाइलला लावून आणतात. फाइल दहा रुपयांनी महाग होते, निबंध आहे तिथेच.

पुन्हा लिहायचं म्हणजे आधी आपलं म्हणणं काय आहे ते शोधायचं. 'बालकवींनी निसर्गाचं मनोहारी चित्रण केलं आहे.' या वाक्याला नाही म्हणणारा माणूस महाराष्ट्रात सापडेल का? नाही सापडणार. आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, त्याच्यासाठी सात पानं कशाला खर्चायची? पुन्हा सांगतो: ज्याला हरकत घेता येते, तेच म्हणणं.

यात मुलांचा दोष थोडा. दहावीला रसग्रहण शिकवतानाच आपण तीन कप्पे पाडून देतो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. पेपर तपासणाऱ्याची सोय होते, हे खरं. पण कविता त्या कप्प्यांत बसते की नाही, हे तिला कोण विचारतो! असो.

खानदेशातल्या एका कॉलेजात मी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. हुशार, थोडी हट्टी. तिनं निबंधाला बालकवींची 'औदुंबर' घेतली. आठच ओळींची आहे, म्हणूनच दाखवतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

ही कविता सावकाश म्हणायची असते. स्नेहसंमेलनात हात पसरून, डोळे मिटून म्हणतात तशी नाही. तो प्रकार कायद्यानं बंद करावा, असं माझं फार दिवसांचं मत आहे.

तर तिच्या पहिल्या खर्ड्यात तेच, मनोहारी चित्रण. आठ ओळींचे आठ परिच्छेद. मी परत दिला. दुसरा आला तो एकदम दुसऱ्या टोकाचा: ही कविता मृत्यूची आहे. पुरावा? काळा डोह, लाटांवरचा काळिमा. आणि वर दीड पान, बालकवींच्या मरणाचं. भादली स्टेशनाजवळचा रेल्वेचा अपघात, 5 मे 1918, वय अवघं सत्तावीस. मी म्हटलं, अगं, कविता लिहिताना कवीला स्वतःचा अपघात कुठे ठाऊक होता? ती म्हणाली, "सर, पण वाचताना आपल्याला ठाऊक असतो ना!" उत्तर वाईट नव्हतं. मी म्हटलं, वर्गात वाचून दाखव.

तिनं वाचला. मुली गंभीर झाल्या. आणि शेवटच्या बाकावरून एक पोरगा, जो एरवी हजेरी झाली की खिडकीतून बस येते का ते बघायचा, तो म्हणाला, "मृत्यू आहे, तर मग 'गोड' कशाला?"

वर्ग हसला. ही बया संतापली. म्हणाली, गोड आहे ते पाणी, काळिमा नाही. 'जळ गोड' असं लावायचं. मी म्हटलं, ओळ म्हणून बघ. 'झांकळुनी जळ', आठ मात्रा, इथे श्वास थांबतो. 'गोड काळिमा', पुन्हा आठ. 'ऐल तटावर, पैल तटावर' तसंच. तेव्हा गोड आहे तो काळिमाच. मग ती म्हणाली, वृत्तात बसवायला घातला असेल शब्द. आता हे सगळ्यांचं आवडतं भुयार आहे, अडचण आली की त्यातून पळायचं. मी विचारलं, 'गोड' वृत्तासाठी, आणि 'काळ्या' मात्र अर्थासाठी? तुझ्या सोयीचा शब्द कवीचा, आणि गैरसोयीचा वृत्ताचा? हे नाही चालायचं.

ती त्या पोराशी बोलायची बंद झाली. पण पुढच्या आठवड्यात तिसरा खर्डा आला, आणि श्रोतेहो, तो निबंध होता!

तिनं कवितेची क्रियापदं काढली होती. झरा वाहतो, पायवाट चालली, औदुंबर बसला. वाहणं, चालणं, बसणं. मग रंग: हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मधूनच पांढरी पायवाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे. कवितेत चार घरं आहेत, शेतं आहेत, माणूस एकही नाही. माणसासारखं पाय सोडून बसलंय ते झाड. आणि पाण्यात पाय टाकून कोण बसतं? दमूनभागून आलेला माणूस बसतो. तेव्हा तिचं नवं म्हणणं असं: कविता आपल्याला उजेडातून काळोखाकडे नेते, पण त्या काळोखाचं भय घालत नाही, ओढ लावते. आणि याचा सगळ्यात पक्का पुरावा तिनं कुठला दिला असेल? 'गोड'! ज्या शब्दानं तिचा दुसरा खर्डा पाडला, त्याच शब्दावर तिसरा उभा. अपघाताचं दीड पान तिनं स्वतःच्या हातानं काटलं होतं. आठ परिच्छेदांचे चार झाले होते, आणि ते ओळींच्या क्रमानं न येता तिच्या म्हणण्याच्या क्रमानं आले होते. 'गोड'चा प्रश्न तिनं स्वतःच उपस्थित केला होता, दुसऱ्याच पानावर.

त्या पोराला मी मार्क देणार होतो. पण त्यानं निबंध दिलाच नव्हता.

वेळ थोडा उरलाय, म्हणून कामाचं तेवढं भराभर सांगतो. पहिला खर्डा झाला की आपलं म्हणणं एका वाक्यात वेगळ्या कागदावर लिहा. मग कविता पुन्हा वाचा आणि त्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी ओळ शोधा. विरुद्ध जाणारी. बाजूची तर आधीच सापडलेली असते. सापडली की ती लपवू नका, निबंधात घ्या, आणि गरज पडली तर म्हणणं बदला. प्रत्येक अवतरणाखाली दोन-तीन वाक्यं तुमची हवीत. नुसती ओळ देऊन 'यावरून हे स्पष्ट होते' असं लिहिलंत, तर काहीच स्पष्ट होत नाही. कवीचं चरित्र आणावंसं वाटलं, तर आधी स्वतःला विचारा, हे नाव-गाव झाकलं तरी माझं म्हणणं उभं राहतं का?

आणि गाईड मात्र तिसरा खर्डा होईपर्यंत घरातल्या कुणाकडे तरी ठेवायला द्या. शेवटी उघडलंत तर चालेल. आपल्या निबंधात नसलेलं त्यात काही आहे का, ते बघायला.