वाफेची नळी पुन्हा जोडताना

(बेळगावात जुन्या गाड्यांचे मालक आणि मिस्त्री यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, आपल्या उद्यमबागेच्या कारखान्यांत हवं ते कास्टिंग मिळतं, हवा तो बुश कातून मिळतो. त्यामुळे इंजिनाचा एखादा भाग मिळेना म्हणून जुनी गाडी इथं सहसा पडून राहत नाही. पण बॉनेट उघडलं की एक नळी हमखास लोंबकळत असते, नाहीतर तिच्या तोंडात बोल्ट ठोकलेला असतो. विचारलं की मिस्त्री म्हणतो, "काय उपयोगाची नाही ओ ती, होगली बिडी." (कानडीत, जाऊ दे, सोडा.) आज मी त्या नळीबद्दलच बोलणार आहे.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ न देता कोळशाच्या डब्यात धरायची आणि इंजिन चालू झालं की तिथून ओढून जाळायची, एवढाच हा मामला. कॅलिफोर्नियात 1970 च्या मॉडेलपासून आणि 1971 पासून सगळ्या अमेरिकेत तो सक्तीचा झाला. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या अँबॅसेडर-फियाटना हा डबा नव्हताच, म्हणून जुन्या मिस्त्रींच्या हाताला तो ओळखीचा नाही. अमेरिकेसाठी बनवलेली फोक्सवॅगन बीटल समोर आली की पहिली कात्री त्यालाच लागते. पीयूसीत काही अडत नाही. तिथं धुराड्याच्या तोंडाशी नळी लावतात. गाडी शेडमध्ये नुसती उभी असताना टाकीतून काय निघतं, ते त्या यंत्राला दिसत नाही.

आता टाकीचं बघा. ज्या गाडीला हा डबा असतो तिच्या टाकीचं झाकण साधं नसतं, ते वाफ बाहेर सोडत नाही. अशी नळी बुजवली की टाकी कोंडली. आणि आपल्या भागात ते लगेच कळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला पोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब आठेक टक्क्यांनी वाढतो. टाकीत हवा शिरायला वाट नसेल, तर पंप पेट्रोल ओढतो आणि मागे पोकळी वाढत जाते. गाडी मधेच मरते, झाकण उघडलं की 'फुस्स' होतं आणि गाडी पुन्हा सुरू होते. मग कुणी कार्ब्युरेटर खोलतो, कुणी पंप बदलतो. बुजवलेल्या नळीकडे शेवटपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. पत्र्याची टाकी आत चेपलेलीही मी पाहिली आहे. चढताना उलट : आतली वाफ फुगते आणि झाकणाच्या रबरातून वाट काढते.

म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात डब्यापासून करू नका, टाकीपासून करा. बीटलची टाकी पुढे, इंजिन मागे. टाकीच्या वरच्या नळ्या एका छोट्या प्रसरण-डब्यात जातात, तिथून बारीक पाइप गाडीखालून मागच्या कोळशाच्या डब्यापर्यंत. हा पाइप मधेच गंजून बंद झालेला असतो. हातपंपाने हलका दाब देऊन तो मोकळा आहे का पाहा. टाकी जोडलेली असताना कंप्रेसर लावू नका, टाकी फाटेल.

डब्यातून वाफ खेचायची पद्धत प्रत्येक गाडीत सारखी नसते, आणि घोटाळा इथंच होतो. बीटलमध्ये इंजिन थंड करणाऱ्या पंख्याची हवा डब्यात ढकलतात आणि ती वाफ घेऊन एअर क्लीनरमध्ये जाते. इंजिनाच्या व्हॅक्यूमचा, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराचा, संबंध नाही. पुष्कळ अमेरिकन गाड्यांत मात्र व्हॅक्यूमवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची नळी थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पट्टीच्या वरच्या भोकाला लागते, म्हणजे आयडलवर, पाय न देता इंजिन चालू असताना, तो बंद राहतो. ती चुकून मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलच्या पुढच्या, इंजिनाकडच्या नळीला जोडली की आयडलवरच वाफ आत जाते, गाडी थडथडते, आणि "बघा, म्हणून काढलेली" असं आपणच म्हणतो.

डब्यातला कोळसा बदलायचा झाला तर पाण्याच्या फिल्टरचा भरावा असं सुचतं. स्वस्त आहे, सहज मिळतो. पण तो बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो. त्याची छिद्रं फार बारीक. वाफ धरतो आणि सोडत नाही. गाड्यांसाठी लाकडापासून केलेला, जरा मोठ्या छिद्रांचा कोळसा वापरतात. कोळसा पेट्रोलने भिजला असेल तर वाळवत बसू नका, बदला.

नळीबाबत कंजूषपणा नको. पाण्याची नळी पेट्रोलच्या वाफेने फुगते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या उसाचं असेलही, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. इंधनासाठीचीच, इथेनॉल चालणारी नळी घ्या.

टाकी गळ्यापर्यंत भरायची सवयही सोडा. चाळीस लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं की अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं, आणि ते थेट कोळशात उतरतं.

काम करताना गाडी खड्ड्यावर घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जाऊन खड्ड्यात साचते. बिडी तर लांबच, भडका उडायला लोंबता बल्बसुद्धा पुरे.

कागदपत्रांचं एक. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. इतका खटाटोप करून मूळपण जपणारा मालक डबा मात्र भंगारात देतो, हे मला पटत नाही.

जोडून झालं की गाडी रात्रभर बंद शेडमध्ये ठेवा. सकाळी दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर सांधे पुन्हा तपासा. वास नसेल तर चोर्ला उतरा आणि साखळीत, इंजिन गार झाल्यावर, झाकण उघडा. जोरात 'फुस्स' करून हवा आत गेली, तर टाकी ते डबा हा पाइप अजून कुठेतरी बंद आहे. त्याच पाइपपासून पुन्हा लागा, कार्ब्युरेटरला हात लावू नका.